पेशींची अनिर्बंध वाढ आणि कर्करोग

(ज्ञातीच्या परभणी येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस बोलण्यास पाचारण केले, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक आमच्याकडेच ठेवली होती. शिक्षण, हुंडा, संघटन हे विषय या व्यासपीठावर दरवर्षी होतात आणि त्यांवर आमच्यापेक्षा अधिकारी वक्ते आज येथे उपस्थित आहेत. आम्ही निवडलेला विषय ऐकून चालकांपैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी, ‘शुभकार्याच्या मांडवात हे नाव कशाला?’ अशी शंका काढली. त्यांच्या भावनेचा आम्हांस आदर आहे. परंतु ज्याच्या घरी, सासरी, आजोळी किंवा शेजारी हा रोग कधी आलाच नाही असा मनुष्य या मंडपात शोधूनही सापडणे कठीण. ज्याचे नाव घेण्यास आपण कचरतो तो पाहुणा दाराबाहेर राहतो असे थोडेच आहे?

आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेत लागलो, चौतीस वर्षे मुलांना अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविले आणि निवृत्त झालो. तेव्हा आज जे सांगू ते सातवीच्या वर्गास समजेल एवढेच आणि आम्हांस वाचून खात्रीने कळले आहे तेवढेच असेल. उपचाराची चर्चा डॉक्टरांनी करावी. हा रोग म्हणजे मुळात काय, एवढे कळले तर त्याविषयीचे पुष्कळसे भय आणि पुष्कळशा भ्रामक समजुती आपोआप गळून पडतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम नावाचा विचार करू. कर्क म्हणजे खेकडा. प्राचीन ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस याच्या परंपरेत या रोगास खेकड्याचे नाव पडले, त्याचेच लॅटिन रूप कॅन्सर आणि त्याचेच भाषांतर आपला कर्करोग. आपल्या सुश्रुतसंहितेत मात्र निराळा शब्द आहे, तो अर्बुद. वाटोळी, स्थिर, फारशी न दुखणारी, खोल मूळ असलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची गाठ, असे तिचे वर्णन सुश्रुताने केले आहे. आधीच्या गाठीवर किंवा तिच्या जवळ पुन्हा उठणाऱ्या गाठीस त्याने अध्यर्बुद असे वेगळे नाव दिले. ‘फारशी न दुखणारी’ हे शब्द आमच्या भगिनींनी ध्यानात ठेवावेत, त्यांच्याकडे आम्ही पुन्हा येणार आहोत. गणिताच्या मास्तरास आणखी एक मौज वाटते ती अशी की, आर्यभटाच्या संख्यागणनेत कोटीच्या पुढील स्थानासही अर्बुद हेच नाव आहे. गाठीस आणि प्रचंड संख्येस एकच शब्द असावा हा योगायोग असेल, पण मोठा अर्थपूर्ण योगायोग आहे, कारण हा रोग शेवटी संख्येचाच आहे.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. त्यांची संख्या सुमारे ३० लक्ष कोटी धरतात. एवढा पसारा मातेच्या उदरातील एका पेशीपासून उभा राहतो. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ, असा हा पाढा चालतो. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे तत्त्व जर्मन पंडित रुडॉल्फ फिरकाउ याने १८५५ साली ठामपणे मांडले आणि आजच्या रोगविज्ञानाची इमारत त्याच पायावर उभी आहे. कर्करोगाची पेशीही बाहेरून येत नाही. ती कोणी करणी करून घातलेली नसते, हवेतून आलेली नसते, उष्टे खाल्ल्याने लागलेली नसते. ती आपल्याच पेशीची लेक असते. म्हणून रोग्याचे ताट वेगळे ठेवणे, त्याच्या अंथरुणापासून मुलांना दूर ठेवणे, हे प्रकार आपल्या घरांतून अजून चालतात ते निव्वळ क्रौर्य आहे. त्यास दुसरा शब्द आम्हांस सापडत नाही.

शरीर पूर्ण वाढले म्हणून पेशींचे विभाजन थांबत नाही. कातडी झिजते ती भरून निघते, आतड्याचे अस्तर चारपाच दिवसांत नवे होते, रक्तातील तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि तिच्या जागी दुसरी येते. हे सारे इतक्या शिस्तीत चालते की आपणांस त्याची वार्ताही नसते. विळ्याने बोट कापले तर जखमेच्या कडेच्या पेशी भराभर विभागू लागतात आणि जखम भरताच थांबतात. आमच्या मते खरे आश्चर्य वाढण्यात नाही, या थांबण्यात आहे. बोट पूर्ववत होते, त्यावर दुसरे बोट उगवत नाही. ‘आता पुरे’ हे त्या पेशींस कोण सांगते?

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. लेलंड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स या तीन शास्त्रज्ञांनी किण्व आणि समुद्रातील काटेरी प्राणी अशा क्षुद्र जीवांच्या पेशी तपासून विभाजनाचे नियम शोधले आणि त्याबद्दल त्यांस २००१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधाचे सार आम्ही आपल्या परभणीच्या रेल्वे स्थानकावरून समजावून सांगतो. गाडी स्थानकाजवळ आली तरी एकदम फलाटात शिरत नाही, लाइन मोकळी नसेल तर ती आउटरला उभी राहते. पेशीचेही तसेच आहे. विभाजनापूर्वी तिला आपल्या केंद्रातील गुणसूत्रांची, म्हणजे वंशपरंपरेच्या पोथीची, हुबेहूब नक्कल करावी लागते. ही पोथी लहान नव्हे. मनुष्याच्या एका संचात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत आणि प्रत्येक पेशीत असे दोन संच असतात. नक्कल नीट उतरली की नाही हे पाहण्यासाठी वाटेत सिग्नल आहेत. चूक आढळली की तांबडा दिवा लागतो, गाडी थांबते, दुरुस्ती होते, मग हिरवा. दुरुस्ती अशक्य असेल तर त्या पेशीस स्वतःचा शेवट करण्याची आज्ञा मिळते आणि ती निमूटपणे विरून जाते. गर्भाच्या हाताची बोटे सुटी होतात ती मधल्या पेशींनी असेच आत्मविसर्जन केल्यामुळे. या देखरेखीच्या कामात पी-५३ नावाचे एक प्रथिन प्रमुख आहे. ते १९७९ साली सापडले आणि मनुष्याच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत तेच बिघडलेले आढळते. स्टेशनमास्तरच नाहीसा झाल्यावर गाड्यांचे काय होईल ते सांगावयास नको.

एवढी खबरदारी असूनही चुका राहतात. नक्कलनवीस कितीही दक्ष असला तरी कोट्यवधी अक्षरांमागे एखादे अक्षर चुकतेच. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. परंतु चूक जर विभाजनाला चालना देणाऱ्या जागी झाली, तर पायाखालचा अॅक्सिलरेटर अडकून राहावा तशी पेशी सुटते. चूक जर रोखणाऱ्या जागी झाली, तर ब्रेक निकामी होतो. एका चुकीने सहसा भागत नाही, एकाच पेशीच्या वंशात अशा अनेक चुका साठाव्या लागतात आणि त्यांस वर्षे लागतात. म्हणूनच हा रोग बहुधा उतारवयाचा आहे. पूर्वी माणसे तिशी-चाळिशीत तापाने, पटकीने जात, ती आता सत्तरी गाठतात, म्हणून आपणांस हा रोग नवा वाटतो. तो नवा नाही, सुश्रुताचे वर्णन आम्ही आताच सांगितले. जेथे पेशी फार विभागतात तेथे तो अधिक, हेही यावरून उलगडते. तोंडाचे अस्तर, आतडे, गर्भाशयाचे मुख, स्तन, हाडांतील मगज, ही त्याची आवडती स्थाने आहेत. हृदयाच्या स्नायूंतील पेशी जवळजवळ विभागतच नाहीत आणि हृदयाचा कर्करोग अत्यंत विरळा, हे आपण ऐकले असेलच.

आता थोडे गणित करू. मुलांनो, तुम्हीही ऐका. एका बिघडलेल्या पेशीच्या दोन झाल्या, असे दहा वेळा झाले तर १,०२४ पेशी होतात. वीस वेळा झाले तर दहा लाखांवर आणि तीस वेळा झाले तर शंभर कोटींवर. शंभर कोटी पेशींचे वजन साधारण एक ग्रॅम. म्हणजे टपोऱ्या हरभऱ्याएवढी गाठ प्रथम बोटास लागते, तेव्हा दुपटीच्या तीसएक पायऱ्या चढून झालेल्या असतात आणि तिचा किलोभर गोळा होण्यास केवळ दहा पायऱ्या उरतात. प्रत्यक्षात पुष्कळ पेशी वाटेत मरतात, म्हणून हिशेब इतका सरळ नसतो. तरी ‘गाठ लहान आहे, दुखत नाही, दिवाळीनंतर पाहू’ असे म्हणणाऱ्या गृहिणीने हे गणित एकदा मनाशी करून पाहावे. दुखत नाही हे तर सुश्रुतानेच सांगून ठेवले आहे. दुखणे हे त्याचे उशिराचे लक्षण आहे.

नुसती गाठ वाढली म्हणजे कर्करोग झाला असेही नाही. चरबीच्या गाठी कित्येकांच्या पाठीवर जन्मभर असतात आणि त्यांचे काही बिघडवीत नाहीत. खरा फरक आपणा शेतकऱ्यांस पटकन कळेल. धुऱ्यावरचे झाड कितीही वाढले तरी ते जागेवर असते. काळ्या रानातला कुंदा तसा नसतो. तो जमिनीखाली पसरतो, वर उपटला तरी खाली काडी राहते आणि पहिल्या पावसात ती दहा हातांवर फुटते. कर्करोगाच्या पेशी शेजारच्या भागात घुसतात, रक्ताच्या व लसिकेच्या वाटेने दूर जाऊन यकृतात, फुफ्फुसात, हाडांत नवी वसाहत करतात. आपल्या वाडवडिलांनी कुंद्यासाठी उन्हाळ्यात पाचसहा बैलजोड्यांचा नांगर धरला, पण ज्याच्या वावरात कुंदा नुकताच एका कोपऱ्यात दिसला त्याने तो कुदळीनेच खणून काढला. शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गाठीभोवतीचा चांगला दिसणारा भागही का काढतो, याचे उत्तर ज्याने कुंदा खणला आहे त्यास विचारावे. सुईने किंवा चाकूने तुकडा काढून तपासला की रोग ‘चवताळतो’ आणि पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार आहे. तिच्यामुळे लोक तपासणी टाळतात, तेवढ्या अवधीत रोग आपल्या वाटेने पसरतो आणि दोष मात्र सुईला येतो. औषधांनी केस का गळतात, तोंड का येते, याचेही कारण विभाजनातच आहे. ती औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींस मारतात आणि केसांच्या मुळांच्या पेशी तशाच आहेत. औषध थांबले की केस बहुधा पुन्हा येतात.

या विद्येत महाराष्ट्राचा वाटा लहान नाही, पण आपल्या शाळांतून तो सांगितला जात नाही म्हणून येथे सांगतो. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पांढऱ्या पेशींची अनिर्बंध वाढ हाच तो रोग. पुढे टाटांच्या न्यासाने मुंबईस परळला रुग्णालय बांधले, ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे होती. आमच्या लोकांची राहणी आणि आमच्या लोकांचे कर्करोग यांचा संबंध त्यांनी जोडला. तंबाखू आणि चुना ओठाआड धरण्याची सवय व तोंडाचा कर्करोग यांकडे त्यांनी चाळीसच्या दशकातच लक्ष वेधले. १९४५ साली त्यांनी एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट नोंदविली. कमरेला धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधल्याने कातडीला काच पडतो, तेथे व्रण होतो आणि काहींना त्याच जागी कर्करोग होतो. सारखी जखम म्हणजे सारखी दुरुस्ती, सारखी दुरुस्ती म्हणजे सारखे विभाजन आणि जितकी विभाजने तितकी चुकीस जागा. ही गोष्ट जुनी झाली असे कोणी समजू नये. २०२४ साली वर्ध्याच्या व बिहारच्या डॉक्टरांनी परकराच्या नाडीच्या व लुगड्याच्या काचाने झालेल्या अशाच रोगाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आमच्या माताभगिनींनी नाडी सैल बांधावी, जागा बदलावी, आणि कमरेवरचा न भरणारा व्रण लपवू नये.

खानोलकरांच्या हाताखाली कमल रणदिवे या पुण्याच्या विदुषींनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली. पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय या संशोधकाकडे शिकावयास गेल्या. या गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली एक घटना घडली होती. हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीस गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. तिच्या गाठीतील पेशी तिची परवानगी न घेताच काढल्या गेल्या आणि काचपात्रात ठेवल्या गेल्या. निरोगी पेशी काचपात्रात पन्नासएक वेळा विभागून थांबतात, या थांबल्याच नाहीत. ती स्त्री त्याच वर्षी ३१ वर्षांची असताना वारली आणि तिच्या पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. रोज एकीच्या दोन. अमरत्व म्हणतात ते हेच असेल, तर ते किती भयंकर आहे पाहा! कमलाबाई ती विद्या घेऊन परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातील पहिली पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांवर प्रयोग करून स्तनाच्या कर्करोगातील आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा त्यांनी अभ्यास केला. १९८२ साली त्यांस पद्मभूषण मिळाले.

हेन्रिएटाबाईंच्या पेशी का थांबल्या नाहीत, याचा उलगडा पुढे झाला, आणि तेथून ही कथा थेट आपल्या मराठवाड्यात येते. त्या पेशींत एक विषाणू सापडला. त्याचे नाव एचपीव्ही. या विषाणूची दोन प्रथिने पेशीत शिरून नेमके तेच करतात जे आम्ही मघाशी सांगितले. एक पी-५३ चा नाश करते, दुसरे विभाजन रोखणाऱ्या आणखी एका प्रथिनास निकामी करते. स्टेशनमास्तरही गेला आणि सिग्नलही पडला. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ सर्वच या विषाणूने होतो, हे दाखविणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांस २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शिरल्यापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-वीस वर्षे जातात. म्हणजे गाडी उलटण्यापूर्वी सावध होण्यास भरपूर वेळ असतो.

आता बार्शीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील त्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथे १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. त्याआधी खेड्यातला मनुष्य कशाने मेला हे विचारणारेही कोणी नव्हते. त्याच संस्थेने टाटा रुग्णालय व फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय संस्था यांच्या साह्याने १९९९ पासून उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठा प्रयोग केला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह. काही समूहांत एचपीव्हीची तपासणी केली, काहींत अन्य पद्धतींच्या तपासण्या केल्या, काहींत नेहमीचीच व्यवस्था ठेवली. ज्यांच्यात दोष दिसला त्यांवर उपचार केले. आठ वर्षांनी हिशेब मांडला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तपासणी न झालेल्या गटात या रोगाने ६४ स्त्रिया गेल्या, एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात ३४. गट जवळपास सारखेच होते. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले. तपासणीविना ठेवलेल्या स्त्रियांविषयी पुढे विद्वानांत वाद झाला आणि तो आम्हांस गैरवाजवी वाटत नाही. त्या चौसष्टही आपल्याच लेकीबाळी होत्या. परंतु त्यांच्या मृत्यूने जे शिकविले ते आपण शिकलो नाही, तर दोष त्या विद्वानांना देण्याचा आपणांस काय अधिकार? तो प्रयोग कोठे विलायतेत झालेला नाही. आपल्याच भाषेच्या, आपल्याच राहणीच्या, रानात निंदायला जाणाऱ्या बायांनी तपासणीस होकार दिला. आणि या विषाणूवरील लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही तयार केली असून ती २०२३ पासून बाजारात आहे. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती दिली असता उत्तम उपयोग होतो.

तंबाखूविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर आपण फार ऐकता आणि फार थोडे करता. तंबाखूतील काही द्रव्ये त्या पोथीच्या अक्षरांस चिकटून नक्कल बिघडवितात. नुसती सुपारीही निर्दोष नाही. जगाच्या आरोग्य संस्थेच्या कर्करोग विभागाने २००४ साली ती कर्करोगकारक ठरविली. तिने तोंडाचे अस्तर आवळते आणि तरुण मुलांचे तोंड तीन बोटेही उघडत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, हे येथे पुड्या बाळगून बसलेल्यांस आम्ही सांगावे असे नाही. मिश्री लावणाऱ्या आजीबाईंनीही आपणांस वगळले असे समजू नये. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, एवढे दिसले की दाखवावे. संमेलनाच्या स्वागतात पानसुपारीऐवजी गूळ-शेंगदाणे द्यावेत अशी सूचना आम्ही चालकांस केली होती. ती पुढील वर्षी विचारात घेऊ असे उत्तर मिळाले आहे.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला तेथे येतो. आपल्या वधूवर सूचक मंडळाच्या छापील अर्जात ‘घराण्यातील आनुवंशिक रोग’ असा रकाना आहे आणि त्यात कंसात जे रोग दिले आहेत त्यांत कर्करोग आहे. या एका शब्दाने काय होते ते मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. मुलीची आई या रोगाने गेली असे कळताच ठरत आलेली बोलणी मोडतात. म्हणून घरे आजार लपवितात. आई स्वतःच लपविते. धाकटीचे लग्न उरकेपर्यंत बोलायचे नाही असे ठरवून अंगावरचा रक्तस्राव, स्तनातील गाठ सहन करीत राहते. मघाचे गणित आठवा. लग्न उरकते तेव्हा पायऱ्या उरलेल्या नसतात.

आणि हे सारे ज्या समजुतीवर चालते ती मुळात चुकीची आहे. पेशीतील चुका बहुतांशी मनुष्याच्या हयातीत त्याच्याच एखाद्या अवयवाच्या पेशींत होतात, त्या संततीत उतरत नाहीत. जन्मतःच मिळालेल्या दोषामुळे होणारे कर्करोग शंभरात पाच ते दहा धरतात. गर्भाशयमुखाचा रोग तर विषाणूचा आहे, तो मुलीच्या रक्तात कसा उतरेल? तो विषाणू वैवाहिक संबंधातून येतो, बहुधा पतीकडून. बहुतेक स्त्रियांना तो केव्हा ना केव्हा होऊन आपोआप निघूनही जातो. तेव्हा त्यावरून कोणाच्या चारित्र्याची चर्चा करणे हे अज्ञान तर आहेच, पापही आहे. काही थोड्या घरांत स्तनाचा व बीजांडकोशाचा रोग पिढ्यांतून दिसतो, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु तो दोष मातेकडून जितका येतो तितकाच पित्याकडूनही येतो. अर्ज घेऊन जाणारी मंडळी मुलीच्या आईची चौकशी करतात, मुलाच्या आत्याची कधी करतात काय? अशा घरांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, वेळेवर तपासणी करावी. त्यांना तो सल्ला घेता यावा म्हणून तर आजार बोलता आला पाहिजे.

उपचारासाठी पूर्वी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठल्यावाचून गत्यंतर नव्हते. परळच्या फुटपाथवर बिऱ्हाड मांडलेली आपली माणसे आम्ही पाहिली आहेत आणि दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेने अशा कितीकांना छप्पर दिले हेही पाहिले आहे. आता औरंगाबादेस, म्हणजे छत्रपती संभाजीनगरास, सरकारी कर्करोग रुग्णालय आहे, बार्शी आहे, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत या रोगाची शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार अंगीकृत रुग्णालयांत मिळतात. कागदपत्रांसाठी ज्यांस मदत हवी त्यांनी आमच्या घरी केव्हाही यावे. निवृत्त मास्तरास अर्ज लिहिण्यापलीकडे दुसरे काम ते काय?

दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे आमचा ठराव लेखी दिला आहे. वधूवर सूचक अर्जातील त्या रकान्यातून कर्करोग हा शब्द वगळावा, आणि संमेलनाच्या शिल्लक रकमेतून ज्ञातीतील तीस वर्षांवरील भगिनींच्या एका तपासणी शिबिराचा खर्च करावा. सूचक म्हणून आमची सही आहे. अनुमोदकाची जागा कोरी आहे. ती भगिनींपैकी कोणी भरावी अशी आमची इच्छा आहे. अर्ज चिटणिसांच्या टेबलावर ठेवला आहे आणि सभा तीन वाजता आहे.